परमिटवरची तुझी सही

कमळाकर, तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही.

लोकांना नवल वाटलं. कंपनीत कुणाचा वाढदिवस असो, निरोप समारंभ असो, कँटीनच्या नव्या पंख्याचं उद्घाटन असो, माइक शेवटी माझ्याच हातात येतो. पंख्याच्या वेळी मी अठरा मिनिटं बोललो होतो आणि तू मागून म्हणाला होतास, "नाटक्या, पंखा चालू तरी कर." त्या दिवशीही माइक फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. तुझ्या फोटोला हार, समोर सगळी कंपनी, पुढच्या रांगेत सुनंदा वहिनी. मी माइक धरला, घसा बसलाय अशी खूण केली आणि शेजारच्याकडे देऊन टाकला.

घसा ठणठणीत होता. तू असतास तर सगळ्यांसमोर सांगितलं असतंस. बावीस वर्षांत माझा घसा एकदाही बसला नाही, याला तुझ्याइतका पक्का साक्षीदार कोण होता?

बावीस वर्षं आपण एका बाकावर बसलो. कंपनीची बस भाईंदर पश्चिमेहून निघायची, म्हणून मोरव्याचा तू आधी चढायचास आणि मी सिल्व्हर पार्कच्या कोपऱ्यावर येईपर्यंत माझ्या जागेवर तुझा डबा बसलेला असायचा. कुणी विचारलं, "यहाँ कोई है क्या?" तर तू गंभीरपणे सांगायचास, "डबा है. मीरा रोड में उठेगा." बाकीची बस हिंदीत गप्पा मारायची, आपण मराठीत भांडायचो. खाडीच्या पुलापर्यंत राजकारण, पूल ओलांडला की कंपनी. रसायनांचा कारखाना, त्यात तू सेफ्टी ऑफिसर, मी प्रॉडक्शनचा सुपरवायझर. एकाचा पगार 'चला' म्हणण्यासाठी, दुसऱ्याचा 'थांबा' म्हणण्यासाठी. भांडण ठरलेलंच होतं, मैत्री मात्र आपण आपल्या जिवावर केली.

तू अत्तर लावायचा नाहीस, वासाचं तेल लावायचा नाहीस, पान खायचा नाहीस. "नाक ही माझी पयली मशीन हाय, तिच्यात कचरा नको," म्हणायचास. सॉल्व्हंटची गळती कुठल्या मजल्यावर आहे ते तू जिन्यात उभा राहून सांगायचास. मी तुझ्याकडे बोट दाखवत नवीन माणसांना म्हणायचो, हा कंपनीचा कुत्रा आहे, याला बिस्कीट द्या. एकाने खरंच दिलं. तू खाल्लंस आणि त्याला सांगितलंस की बिस्कीट ओलं झालंय, पाकीट बदल.

आणि ती डोळ्यांवर फडकी बांधायची गोष्ट. प्लँटमधून बाहेर पडायच्या वाटेवर जुन्या पाइपांचा ढीग तीन वर्षं पडला होता. तुझी सहा पत्रं झाली, ढीग हलला नाही. तेव्हा तू सगळ्या साहेब लोकांना आत बोलावलंस, प्रत्येकाच्या डोळ्यांना फडकं बांधलंस आणि म्हणालास, "धूर झाल्यावर एवढंच दिसतं. आता भायेर पडा." मोठे साहेब म्हणजे आपले प्लँट मॅनेजर. ते ड्रमच्या रांगेत शिरले आणि एका ड्रमला मिठी मारून विचारू लागले, "कौन है? भाई, रास्ता छोड़ो." ही गोष्ट मी पन्नास ठिकाणी सांगितली असेल. दर वेळी ड्रम थोडा मोठा होतो. खरं तर साहेबांचा फक्त गुडघा आपटला होता. पण जेवणाच्या सुट्टीच्या आत पाइपांचा ढीग गेला.

घरीही तुझं तेच. मोरव्याला तुझ्याकडे गणपतीला आलो होतो तेव्हा साठ माणसांचा स्वयंपाक चालला होता आणि तू मागच्या पडवीत सिलिंडरच्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघत बसला होतास. भाकऱ्यांचं पीठ मळून खोळंबलेल्या बायकांपैकी कुणीतरी ओरडलं, "सुनंदे, तुझ्या सायबाला इचार, भाकर टाकायला परमिट देतो का?" वहिनी म्हणाल्या, "देईल, पन आधी चूल बघील." साबणाचे बुडबुडे तुझ्या दाढीला लागले होते.

हे सगळं मी हसत लिहू शकतो. पुढचं कसं लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही. पण लिहितो.

सेफ्टी वीकचं नाटक आपण दर वर्षी करायचो. नायट्रोजनचं काम माझ्याकडे. आपल्या रिअॅक्टरमध्ये, म्हणजे त्या बंद टाक्यांमध्ये, चटकन पेटणारं सॉल्व्हंट असतं. त्याला हवा मिळू नये म्हणून वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन भरून ठेवतात. आगीपासून वाचवणारा वायू, म्हणजे तसा आपलाच माणूस. पण त्यानेच भरलेल्या टाकीत कुणी उतरलं तर श्वासात घ्यायला काही उरत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. म्हणून मी तो अगदी सभ्य करायचो. पांढरा सदरा, विंचरलेले केस, हात जोडून, "नमस्कार, या ना आत. माझा कुणाला त्रास नसतो." लोक हसून लोळायचे.

आत पडलेल्याला वाचवायला धावत जाऊन स्वतः मरणारा दुसरा माणूस तू व्हायचास. "मना संवाद पाठ व्हत न्हाय. मेलेल्याला संवाद नसतात, तोच मना दे." कँटीनच्या फरशीवर माझ्या पायाशी तू डोळे मिटून पडायचास, आणि नाटक संपलं की उठून कपडे झटकत सांगायचास, "पयल्याला गॅसनं मारला, दुसऱ्याला घाईनं. आत माणूस पडलेला दिसला तर आत जायचं न्हाय. सख्खा भाऊ असला तरी न्हाय. पाठीवर हवेचं सिलिंडर घेतलेली मानसं येईपर्यंत भायेर उभं ऱ्हायाचं, आनि दुसऱ्यालाबी जाऊ द्यायचं न्हाय." एकदा एका ऑपरेटरने विचारलं, "और आप अंदर हो तो, म्हात्रे साहब?" तू म्हणालास, "तो भी नहीं. मैं तो मर चुका हूँगा, तू अपना देख." सगळ्यांत जास्त हशा त्याच वाक्याला आला होता.

आता सहीचं.

मला नकला येतात. आवाजाच्या येतात, चालण्याच्या येतात आणि सह्यांच्याही येतात. तुझी सही मला सगळ्यांत आवडायची. 'क'चा दांडा होडीच्या डोलकाठीसारखा उंच, आणि पुढे 'म्हात्रे' म्हणजे नुसती लाट. एकदा बसमध्ये पेपरच्या कडेला मी ती तीनदा केली, चौथी तू केलीस आणि तुझी कुठली ते तुलाच ओळखता येईना. आपण पूल येईपर्यंत हसत होतो.

सुरुवात तू केलीस, हे मी सांगणार आहे. गणपतीत तू घरी होतास आणि कंपनीत रेनकोट वाटत होते. तू फोनवर म्हणालास, "माझा घेऊन ठेव, सही ठोक." मी ठोकली. मग बुटांची ठोकली, डायरीची ठोकली, कुठल्याशा कंटाळवाण्या व्याख्यानाच्या हजेरीची ठोकली. कंपनीत सगळेच कुणाची ना कुणाची ठोकतात. काम ते काम, कागद तो कागद. काम झालंय ना, मग कागद कुणीही भरावा. आपल्यातल्या कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. तुला वाटलं, पण उशिरा, आणि मला त्याहून उशिरा.

चार वर्षांपूर्वी वेल्डिंगचं एक परमिट होतं, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याआधी लागणारी लेखी परवानगी. तू जेवायला गेला होतास. ओली गोणपाटं अंथरलेली, अग्निशामक जवळ ठेवलेला, सगळं जागच्या जागी आहे असं फिटरने सांगितलं. तू येऊन सहीच करणार होतास, म्हणून मी तुझी करून टाकली. तू परत आलास, परमिट पाहिलंस आणि वेल्डरच्या समोर फाडून टाकलंस. काम तीन तास थांबलं. संध्याकाळी बसच्या दारात तू मला बाजूला घेतलंस.

"नक्कल चांगली हाय तुझी," तू म्हणालास. "पन माझी सही हाय म्हंजे मी तिथं उभा व्हतो, डोल्यानं बघितलं, असा त्याचा अर्थ हाय. त्या वेल्डरला वाटलं, म्हात्रे बघून गेला. तू मना तिथं उभा केलास, आनि मी तिथं न्हवतोच."

"अरे, पण सगळं ठीकच होतं की."

"तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं.

महिनाभर तू ड्रायव्हरशेजारी बसलास, डबा मांडीवर घेऊन. मग एका सोमवारी सिल्व्हर पार्कला बसमध्ये चढलो तर डबा पुन्हा माझ्या जागेवर. मी तो उचलला, बसलो, तुझ्या हातात दिला. तू निवडणुकीबद्दल काहीतरी म्हणालास. विषय तिथेच मिटला असं मी समजलो.

तू माझी तक्रार केली नाहीस. मी तेव्हा त्याला मैत्री म्हणालो, आणि या गोष्टीवर गेला दीड महिना मी तुझ्याशी रोज भांडतोय. एक पत्र तू वर दिलं असतंस तर माझी नोकरी गेली असती. मी कुठेतरी वॉचमनची ड्युटी करत असतो आणि तुझ्या नावाने बोटं मोडत असतो. मेलेल्या माणसाला दोष देतोय हे मला कळतं. ऐकायला तू नाहीस म्हणूनच देता येतोय, हेही कळतं.

त्या मंगळवारी तीन नंबरचा रिअॅक्टर धुऊन आतून तपासायचा होता. उतरणार होता शिवपूजन, ठेकेदाराकडचा जुना माणूस, पन्नाशी उलटलेला. त्याआधी नायट्रोजनच्या पाइपाच्या सांध्यात लोखंडी चकती सरकवून तो बंद करायचा, आतल्या हवेतला प्राणवायू मोजायचा आणि परमिटवर दोन सह्या, एक माझी, एक तुझी. तू गेटपाशी अडकला होतास, टँकरच्या नळीतून आम्ल गळत होतं. मी फोन केला. "येतो. थांब," तू म्हणालास.

मी थांबलो. खरंच थांबलो, पाऊण तास. मोठ्या साहेबांचा फोन आला, रिअॅक्टर कधी मिळणार. फिटर म्हणाला चकती टाकलीय. मी खालून मान वर करून पाहिलं, सांध्यातून चकतीची मूठ बाहेर आलेली दिसली. सकाळी मोजलेल्या हवेचा आकडा चांगला होता. मी माझी सही केली. मग शेजारच्या रकान्यात तुझी. आधी डोलकाठी, मग लाट. हात कुठे अडखळला नाही.

मला जे दिसलं नाही ते असं. गेल्या वर्षी त्या रिअॅक्टरला नायट्रोजनची दुसरी, बोटाएवढी बारीक लाइन जोडली होती, आतली पातळी मोजणाऱ्या उपकरणासाठी. प्लँटच्या नकाशावर ती अजून चढली नव्हती. परमिटच्या छापील यादीत नव्हती. ती फक्त तुझ्या डोक्यात होती, आणि नकाशा बदला म्हणून तू केलेल्या तीन अर्जांत होती. ते अर्ज माझ्याही टेबलावरून गेले होते. सकाळी हवा मोजून झाल्यावरही ती लाइन गुपचूप आत नायट्रोजन सोडत होती.

तू जिना चढून वर आलास तेव्हा शिवपूजन रिअॅक्टरच्या तोंडावर बसला होता, दोन्ही पाय आत सोडून. परमिट प्लॅस्टिकच्या पिशवीत कठड्याला टांगलेलं. तू ते हातात घेतलंस आणि वाचलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. आपल्यात पाचेक पावलांचं अंतर होतं.

मला तू तेव्हा शिव्या द्यायला हव्या होत्यास. परमिट फाडायला हवं होतंस. तू ते पुन्हा कठड्याला अडकवलंस आणि म्हणालास, "शिवपूजन, बाहर आ जा."

"क्यों साहब? साइन तो हो गया है आपका."

"आ जा बोला ना."

तो कुरकुरत पाय बाहेर काढून बाजूला झाला. तू खिशातला हवा मोजायचा मीटर काढलास, दोरीला बांधलास आणि आत सोडलास. लांब नळीचा मीटर तुझ्या ऑफिसच्या कपाटात होता. तू गेटवरून थेट इकडे आला होतास. दोरीच्या टोकाचा आकडा दिसेना म्हणून तू वाकलास. मीटर आत वाजू लागला, तो मी ऐकला. डोकं बाहेर ठेवायचं हे तूच आम्हाला शिकवलं होतंस. तू आणखी थोडा वाकलास. आवाज काहीच झाला नाही. दुपारी टेबलावर माणूस डोकं टेकतो तशी तुझी मान खाली गेली, आणि मग तू सगळाच आत गेलास.

शिवपूजन झेपावला. मी मागून त्याचा पट्टा धरला. "छोड़ो साहब, छोड़ो, म्हात्रे साहब अंदर हैं." खालून आणखी तिघं धावत आले. मी त्या तोंडापाशी हात पसरून उभा राहिलो आणि ओरडत राहिलो. काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. नंतर शिवपूजनने सांगितलं. "आप उस दिन म्हात्रे साहब की आवाज़ में बोल रहे थे. एकदम वही. हम लोग डर गए, इसलिए रुके."

पाठीवर सिलिंडर घेतलेली माणसं किती मिनिटांनी आली ते चौकशीच्या कागदांत आहे. तो आकडा मला वाचवत नाही. तेवढा वेळ मी तुला वरून पाहत होतो. तू कुशीवर पडला होतास, हेल्मेट सुटून शेजारी पडलं होतं. मीटर वाजतच होता. मी आत गेलो नाही, कुणाला जाऊ दिलं नाही. चार माणसं त्या दिवशी घरी परत गेली ती तुझ्या शिकवणीमुळे, असं शोकसभेत सगळ्यांनी सांगितलं. ते खरं आहे. पाचवा मी. मीही सिल्व्हर पार्कला उतरलो, जिने चढलो, बायकोने दार उघडलं.

तू का वाकलास, कमळाकर? चिडला होतास, आणि चिडलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, हे एक उत्तर आहे. सही तुझी दिसत होती म्हणून चूक पकडायची घाई तुला झाली, हे दुसरं. कधी वाटतं, तो नुसता अंदाज चुकला, एक हात जास्त. मी तिन्ही उत्तरं तुझ्या आवाजात म्हणून पाहिली. तुझा आवाज मला इतका चांगला येतो की तिन्ही खरी वाटतात, म्हणून एकावरही माझा विश्वास बसत नाही.

मग मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. कंपनीच्या स्वतःच्या चौकशीचा कच्चा अहवाल त्यांनी माझ्याकडे सरकवला. त्यात एक वाक्य होतं: मृत अधिकाऱ्याने प्रत्यक्ष तपासणी न करता परमिटवर सही केली.

"म्हात्रे तर गेले," साहेब म्हणाले. "त्यांच्या घरच्यांचं जे काय असेल ते कंपनी करेलच. आता जे आहेत त्यांना कशाला त्रास?" आणि ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. त्यांना खरं ठाऊक होतं, का नुसता वास आला होता, ते मी विचारलं नाही.

मी म्हणालो, "बरोबर आहे, सर." चहा प्यायलो. कपाच्या तळाची साखरही ढवळून प्यायलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, वहिनींनाही नाही, तुला सांगतोय.

चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. तेराव्यानंतर मी मोरव्याला फिरकलो नव्हतो. त्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. तुझी पोरगी आत अभ्यास करत होती. मला बसा म्हणाल्या.

"भाऊजी, कंपनीचा मानूस आलता. विंग्रजीत वाचून गेला. पोरीनं मना सांगितलं काय लिवलंय ते." त्यांचा हात सुपात चालूच होता. "तुमी बावीस वर्सं त्यांच्या बाजूला बसलाव. ज्या मानसानं नळी बघितल्याबिगर मना दूध तापवू दिलं न्हाय, त्यानं न बघता सही केली?"

माझ्या तोंडाशी वाक्य तयार होतं. गडबडीत होतं असं, वहिनी. ते किती हळुवार म्हणायचं, कुठे थांबायचं, तेसुद्धा तयार होतं. इतकी वर्षं नाटकं केल्याचा हा एक फायदा. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खडे काढत होत्या. बघितलं असतं तर मी ते म्हटलं असतं, असं मला वाटतं.

"त्याने सही केली नाही," मी म्हणालो. "त्याची सही मी केली." आणि सगळं सांगितलं, रेनकोटापासून. कुणाचा आवाज काढला नाही, हातवारे केले नाहीत. इतकी वाईट सांगितलेली गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी नसेल.

सुपातला हात थांबला होता. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लिवून द्या. मराठीत द्या, मी वाचीन."

पोरीने वहीचं पान फाडून आणलं. तिने मला पेन दिलं नाही, ओट्यावर ठेवलं. मी लिहिलं. वहिनींनी पान घेतलं, ओळीखाली बोट धरून वाचत गेल्या. बोट एका ठिकाणी थांबलं.

"हितं 'माझ्याकडून चूक झाली' लिवलंय."

"हो."

"चूक म्हंजे कालवनात मीठ ज्यास्ती पडलं, ती. तुमी खोटी सही केली. तसं लिवा."

मी ते खोडून तसं लिहिलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"आनि ते वाकले का, ते न्हाय लिवलं."

"ते मला माहीत नाही, वहिनी."

"म्हाईत न्हाय तर म्हाईत न्हाय लिवा. मोकलं नका सोडू. मोकल्या जागेत ते लोक कायबी भरतील."

ते लिहिलं. खाली माझी सही केली. माझी स्वतःची सही किती गचाळ आहे ते मला त्या दिवशी दिसलं.

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन मी सरकारी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं. "हे कुणाच्या सांगण्यावरून?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शब्द एकीने दुरुस्त केलेत, बाकी माझं आहे. त्यांना ते कळलं नाही, मी समजावलं नाही. "याचे परिणाम माहीत आहेत ना?" माहीत आहेत म्हणालो. काही माहीत होते, काही आता कळताहेत. कंपनीने मला घरी बसवलंय, पोलिसांनी दोनदा बोलावलंय, बसमधली माणसं मला रस्त्यात बघून दुसरीकडे बघतात. शिवपूजन तेवढा एकदा येऊन गेला. बसला नाही. "आपने रोका, इसलिए हम हैं," म्हणाला, आणि दाराकडे वळत, "और आपकी वजह से वो नहीं हैं." दोन्ही वाक्यं एकाच सुरात.

तुझी माफी मी मागत नाही. तू ती देऊन टाकशील, डबा माझ्या जागेवर ठेवल्यासारखी, काही न बोलता, आणि मी पुन्हा समजेन की विषय मिटला.

त्या पानाची शिक्का मारलेली प्रत द्यायला मी कालच मोरव्याला गेलो होतो. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. प्रत घेतली, शिक्का उजेडात धरून बघितला. आत या म्हणाल्या नाहीत. मी "येतो" म्हणालो, त्यावर "या" म्हणाल्या नाहीत. दार लावून घेतलं.

मी चपला घालत ओट्याखाली वाकलो होतो. पोरगी क्लासला गेलेली, घरात दुसरं कुणी नव्हतं. आतून वहिनींचा आवाज आला, शाळेतल्या मुलीसारखा, एकेक शब्द सुटा करून: "कमळाकर म्हात्रे यांनी या परमिटवर सही केलेली नाही." मग जरा थांबून, थोडं मोठ्याने, पुन्हा तेच. त्या तुला वाचून दाखवत होत्या.